मोल आणि मजुरी

कमी पगारात राबणारा माणूस कमी माणूस असतो काय? हा सवाल आपल्या कुठल्याही कार्यकर्त्याला टाकून बघा. ताडकन उत्तर येईल, छे, माणूस तो माणूस! आणि पुढच्याच दमाला तोच विचारेल, मग तू अजून गिरणीतच?

या दोन वाक्यांच्या मधे जी फट आहे, तिथं मी उभा आहे. माझ्यासारखे पुष्कळ उभे आहेत. त्यातले बरेच आता आपल्या बैठकीला येईनासे झालेत. म्हणून हे लिहितोय. माझं शिक्षण दहावी. पुढचं विहारातल्या कपाटानं शिकवलं. पटलं नाही तर बैठकीत भांडा, पण भांडा.

मी सूतगिरणीत आहे, इचलकरंजीच्या बाजूला, रिंग खात्यात. मुंबईच्या गिरण्यांतले जुने लोक या खात्याला त्रासन खातं म्हणायचे. इंग्रजी थ्रॉसलचं त्यांनी त्रासन केलं आणि बरोबर केलं. एका फ्रेमला हजाराच्या वर चात्या. धागा तुटला की सांधायचा. कांड्या भरल्या की उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. परत तुटला की परत सांधायचा. आठ तास. तुटणं कधी थांबत नाही, म्हणून तर माझी नोकरी आहे.

एक हिशोब सांगतो. चाळीस नंबरचं सूत एक किलो घेतलं आणि सरळ उलगडत गेलं, तर ते साधारण ६७ किलोमीटर भरतं. कोल्हापुरात टोक धरून निघालात तर सांगली-मिरज मागं पडेल. असलं सूत पाळीला किती किलो निघालं, ते आमच्या खात्यात फळ्यावर खडूनं लिहितात. सांधणाऱ्याचं नाव तिथं नसतं. माझं तर गिरणीच्या हजेरीपटावरही नाही. मी ठेकेदाराचा. गिरणीच्या कागदात मी म्हणजे ठेकेदाराच्या बिलातला एक आकडा.

रातपाळी करून सकाळी घरी आलं की आय विचारते, "कायम करणार म्हणत व्हते, काय झालं रं?" मी म्हणतो, "बघू." हे बघू आमच्या घरात चार वर्षं मुक्कामाला आहे.

आता हे रडगाणं झालं. रडगाणं गायला पानं कशाला वाया घालवायची. मला त्याच्या पुढचं बोलायचंय.

आमच्यात सगळे एक शब्द वापरतात. काय चाललंय मर्दा? तर म्हणतो, "अडकलोय बघ." हा शब्द फार चलाख आहे. अडकलो म्हटलं की कर्ता मीच. पाय माझा, चिखल माझा, चूकही माझीच. अडकवलं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी? तो प्रश्न नको म्हणून आपण अडकवलं म्हणत नाही. दुसरा शब्द लायकी. पगाराची चिठ्ठी बघून पोरगं म्हणतं, आपली लायकीच एवढी. पगार ठरला गेटबाहेर, आणि लायकीचं नाव घेऊन तो घरात शिरला, ताटावर बसला, अंथरुणात आला.

भाषा आपली असली तरी तिच्यात मालकाचे शब्द मुरलेले असतात. आपण मोलमजुरी म्हणतो. मोल आणि मजुरी एका दाव्याला बांधली. मोलकरीण म्हणजे कोण, तर मोल देऊन मिळणारी बाई. माणसाचं मोल म्हणजे त्याची मजुरी, हे आपण बोलायला शिकलो तेव्हाच शिकलो. मला हे दावं सोडवायचंय.

सोडवायला घेतलं तर त्यात तीन पीळ निघतात. एक भाव, एक पायरी, आणि एक मोल.

भाव म्हणजे बाजारात मजुरीला मिळणारी किंमत. गेटबाहेर किती हात रिकामे उभे आहेत, आत संघटना आहे की नाही, सुताला उठाव आहे की नाही, यावर तो ठरतो. मी धागा किती सफाईनं सांधतो याचा त्याच्याशी फार थोडा संबंध. उद्या गेटबाहेर शंभर माणसं जास्त आली तर माझा भाव पडेल. माझे हात तेच, डोळे तेच, भाव पडला. मग तो माझ्याबद्दल काय सांगतो? काहीच नाही. तो गेटबद्दल सांगतो.

पायरी ही दुसरी गोष्ट. ती बाजाराच्या आधीची. मुंबईच्या गिरण्यांत काय होतं ते आठवा. साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातून धागा ओढायला तोंड लावून तो चोखावा लागे. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालायचा नाही. म्हणून आपल्या माणसांना साचेखात्याचं दार बंद, आणि कमी पगाराचं रिंग खातं उघडं. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, पण धोट्याजवळ एक नव्हते. पुढं १९३६ साली त्यांनी मांडलं की जातीनं नुसती कामं वाटलेली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वरखाली लावलीत. आणि १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं त्यांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

माझा आज्जा मुंबईला गिरणीत होता. रिंगलाच. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, त्या अडीच लाखांत तोही एक. संप मोडला, आज्जा ट्रंक घेऊन गावी आला. साचेखात्यात का गेला नाहीस असं त्याला विचारलं की म्हणायचा, "आपली लोकं रिंगलाच लागायची." एवढंच. तक्रार नाही, चीड नाही. पाऊस पडतो, उन्हाळा येतो, आपली लोकं रिंगलाच लागतात. तीन पिढ्यांनी मीही रिंगलाच आहे. मला कुणी धोट्यावरून अडवलं नाही. पण मला नोकरी लावणारा माणूस ओळखीचा होता, त्याला लावणारा त्याच्या ओळखीचा, आणि ओळखी कुठल्या गल्लीतून कुठल्या गल्लीत जातात हे तुम्हाला सांगायला नको. ऑफिसातल्या खुर्चीची ओळख आमच्या वस्तीत येत नाही. चात्यांची येते.

आता कुणी म्हणेल, मग सोपं आहे. शिक, परीक्षा दे, मोठ्या पगारावर जा, पायरी आपोआप सुटेल. त्यानं बडोद्याची गोष्ट वाचावी. १९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. हुद्दा मोठा, विद्या त्याहून मोठी. कचेरीतला शिपाई फाइल लांबून टाकायचा. प्यायला पाणी मिळायची पंचाईत. राहायला घर कुणी देईना. पारशी नाव सांगून पारशाच्या धर्मशाळेत राहिले तर काठ्या घेतलेली माणसं दारात आली. शेवटी त्यांना बडोदा सोडावं लागलं. तिथं भाव होता, मोलही होतं, पण पायरीनं दोन्ही गिळून टाकलं. म्हणजे नुसता पगार वाढला की माणूस मोठा दिसू लागतो हे खरं नाही. आपल्याला तर ते दोनदा खरं नाही.

दुसरी गोष्ट आमच्या कोल्हापूरची. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी चाकरीला. पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल टाकून दिलं. आता अस्पृश्याच्या हॉटेलात चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायचे आणि सोबतच्यांनाही पाजायचे. या गोष्टीत आपण नेहमी महाराजांचा मोठेपणा बघतो, आणि तो आहेच. मला मात्र तिथं दुसरं काही दिसतं. माणसानं चाकरी सोडली, स्वतःचा धंदा काढला, म्हणजे तो सुटला असं होत नाही. समोर चहा पिणारी माणसं लागतात. एकट्याच्या धडपडीला समाजानं तोंड लावावं लागतं. धोट्याला लावलं नाही, कपाला तरी लावा.

म्हणून 'नोकरी बदल' हा सल्ला अपुरा. खोटा नाही, अपुरा.

पण याच्या उलट बाजूचा एक सल्ला आहे, तो मात्र सरळ खोटा. तो म्हणतो, काम कुठलंही हलकं नसतं, श्रमाला प्रतिष्ठा असते, तुझ्या घामाला सुगंध आहे. हे सांगणारा कधी रातपाळीला आलेला मी बघितला नाही. गांधींनी भंगीकामाचा गौरव केला. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्याची चिरफाड केली. ज्याच्या गळ्यात जन्मानं ते काम बांधलंय त्यालाच ते थोर आहे म्हणून सांगायचं, ही त्याची चेष्टा. काम थोर असेल तर थोरांनी करावं. कुणी अडवलंय?

आपल्यातही हा सल्ला वेश बदलून येतो. आपला एखादा शिकलेला कॉम्रेड माझ्या पाठीवर थाप मारतो. "तू खरा कामगार कवी रे, तुझ्या शब्दाला मशीनच्या तेलाचा वास आहे, तू तिथंच राहायला पाहिजेस." म्हणजे त्याच्या चळवळीला वास पाहिजे म्हणून मी तेलात राहायचं. दुसरा म्हणतो, "गिरणीत असून छान लिहितोस." या 'असून'वर माझं पोट दुखतं. प्राध्यापक असून छान लिहितो असं कुणी म्हणतं काय? त्या एका 'असून'मधे भाव आणि पायरी दोन्ही बसलेत, आणि बोलणाऱ्याला पत्ता नाही.

बुद्धाच्या संघात सुनीत होता. रस्ते झाडणारा, टाकलेली फुलं उचलणारा. बुद्ध त्याला भेटला तेव्हा, सुनीता, तुझा झाडू पवित्र आहे, असं म्हणाला नाही. तू नीट झाडलंस तर पुढच्या जन्मी वर जाशील, असंही म्हणाला नाही. चल म्हणाला, आणि संघात घेतलं. आणि उपाली न्हावी. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या म्हणाले. का? कारण मग संघात तो वडील ठरणार आणि त्यांना त्याच्या पाया पडावं लागणार. कुळाचा गर्व मोडायचा हा साधा, रोखठोक उपाय. प्रवचन नाही, आधी कोण आणि मागनं कोण एवढंच बदललं.

पण सगळेच कसे संघात जाणार? घरदार असलेल्याचं काय? त्यासाठी सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल नावाचा गृहस्थ ओल्या अंगानं सहा दिशांना हात जोडत होता. बुद्धानं त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिमेला बायको, उत्तरेला मित्र, वर श्रमण. आणि खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार. मालकानं त्या दिशेला पाच गोष्टी द्यायच्या. ताकद बघून काम, अन्न आणि वेतन, आजारपणात देखभाल, गोडधोडात वाटा, आणि वेळेवर सुट्टी.

मी या सुत्ताशी पुष्कळ भांडलो. यात कामगाराला खालची दिशाच का? आणि कामगारानंही मालकाआधी उठावं, मालकानंतर झोपावं असं त्यात आहेच, ते मी लपवत नाही. हे सुत्त मालक-नोकर हे नातं मोडत नाही. तरी त्यातली एक गोष्ट मी धरून ठेवलीय. या पाच गोष्टी मालकाची कृपा म्हणून आलेल्या नाहीत, त्याचं कर्तव्य म्हणून आल्यात. आणि नुसत्या वेतनावर यादी संपत नाही, आजारपण आहे, सुट्टी आहे. म्हणजे खाली कोण आहे तर माणूस आहे. त्याला ताप येतो, त्याला गोड आवडतं, त्याला घरी जायचं असतं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आमच्या गेटवर उभा राहिलो तर पाचपैकी किती निघतील? वेतन निघेल, तेही ठेकेदाराच्या टक्क्यातून गळून.

म्हणजे मोल कुठं शोधायचं? कामात नाही, कारण काम लादलेलं असू शकतं. पगारात नाही, कारण तो गेटवर ठरतो. माझं उत्तर असं. माणसाचं मोल तो किती कमावतो यावरून काढायचं नसतं. ते आधीच धरून चालायचं असतं, आणि मग विचारायचं असतं की हे मोल असलेल्या माणसाला काय काय मिळायला पाहिजे. आपण हिशोब उलटा करतो. मिळालं एवढं, म्हणजे मोल एवढं. खरा हिशोब असा, मोल एवढं, म्हणजे मिळायला पाहिजे होतं इतकं, मिळालं एवढं, बाकी येणं आहे. आपण घेणेकरी आहोत. लाज घेणेकऱ्याला नसते, ती देणेकऱ्याला असायला पाहिजे.

आणि येणं काय काय आहे? नुसता पैसा नाही. आपल्या घटनेचं ४३ वं कलम काढून वाचा. कामगाराला निर्वाहापुरतं वेतन मिळावं म्हणतं, आणि पुढं जाऊन फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक, सांस्कृतिक संधी म्हणतं. फुरसत! मला हा शब्द घटनेत सापडला तेव्हा मी दोनदा वाचला. बाबासाहेबांना यंत्राची भीती नव्हती. यंत्र आलं तर माणसाला फुरसत मिळेल आणि फुरसत मिळाली तर तो जनावरासारखं जगणं सोडून विचार करील, असं त्यांचं म्हणणं. ते मजूरमंत्री असताना कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली आणि १९४६ साली तो कायदा झाला. सहा तास! कुणाला ते आकडे वाटतील. मला त्या सहा तासांत एक कविता आणि दोन झोपा दिसतात.

मी यंत्रावरच आहे. यंत्र मिनिटाला हजारो फेरे फिरतं. माझी फुरसत कुठं गेली? ती सुताबरोबर कोनावर गुंडाळून ट्रकनं गेली. कमी पगाराचं खरं दुखणं हे आहे. पैसे पुरत नाहीत म्हणून आम्ही डबल पाळी करतो. डबल पाळी केली की डोकं चालत नाही. डोकं चालत नाही म्हणून अडकलोय असं वाटतं, आणि अडकलोय असं वाटलं की लायकी आठवते. एकदा हे चक्र डोळ्यांना दिसलं की स्वतःवरचा राग निम्मा उतरतो. उरलेला निम्मा कुठं वळवायचा ते आपल्या हातात.

तो भलतीकडंही वळतो. माझ्या शेजारच्या फ्रेमवर ओडिशाचा पोरगा आहे. ठेकेदारानं त्याला आणखी कमीत आणलाय. खोलीत दहाजण झोपतात. आमच्यातलीच काही पोरं, गळ्यात निळा गमछा घालणारी, त्याला हाड्‌हुड्‌ करतात. यानंच आमचा भाव पाडला म्हणतात. बघा, वरच्यानं आपल्याला पायरी दिली, आपण लगेच खाली एक पायरी खोदली. बाबासाहेबांनी जातीचा जिना दाखवला तो असाच. सगळ्यात वरचा सोडून प्रत्येकाला वरच्याच्या लाथेची चीड असते, पण खाली लाथ मारायला कुणी ना कुणी असतं म्हणून जिना टिकतो. कमी पगारानं माणूस आपोआप क्रांतिकारक होत नाही. बऱ्याचदा तो नुसता चिडका होतो.

मग मी काय करणार? मला उद्या बरी नोकरी मिळाली तर मी जाणार. सुनीत गेला, मीही जाईन. जाताना क्रांती केली म्हणणार नाही. मी गेलो की दुसरा कुणीतरी त्या फ्रेमवर उभा राहणारच, धागा काय माझी वाट बघत बसणार नाही. नाही मिळाली तर राहीन, आणि राहण्याला त्याग म्हणणार नाही. राहीन तोवर हजेरीपटावर नाव मागत राहीन, माझंही आणि ओडिशावाल्याचंही. सुटणं माझा हक्क आहे. मुक्ती ही मोठी गोष्ट आहे, ती एकट्याच्या राजीनाम्यात मावत नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं. मित्रांनो, तुमच्यातले काही बँकेत आहेत, काही शाळेत, काही कॉलेजात शिकताय. चांगलं आहे, अजून जा. पण बैठकीत आलेल्या माणसाला 'काय करतोस' विचारून झाल्यावर तुमचा आवाज बदलतो, तो बदलू देऊ नका. आम्हाला तो ऐकू येतो. दिवसभर चात्यांच्या आवाजात उभं राहून आमचे कान गेलेत असं समजू नका. कामगाराला भाषण देण्याआधी त्याची पगाराची चिठ्ठी मागा, त्याच्याबरोबर बसून वाचा. फंड कापला तर भरला काय, ठेकेदाराचं नाव काय, जादा पाळीचे पैसे दुप्पट लावलेत काय. तुम्हाला वाचता येतं, ते तिथं वापरा.

आणि बैठकीची वेळ. आपली बैठक रविवारी सकाळी दहाला असते. त्या वेळी रातपाळीवाला नुकता डोळा लागून झोपलेला असतो आणि पहिल्या पाळीवाला, त्याची सुट्टी रविवारी नसली तर, फ्रेमवर असतो. मग अहवालात लिहितात, कामगारांचा प्रतिसाद अल्प. तीन पाळ्यांना एकच वेळ कधी सोयीची होणार नाही हे मलाही कळतं. तर एक करा. पाळी जशी आठवड्याला फिरते, तशी बैठकही फिरवा.